‘नाही’ लिहिण्याआधी

“अरे, बारा वर्षं झाली त्या गोष्टीला. ‘नाही’ लिही आणि मोकळा हो. कोण बघायला येतंय?”

परदेशातल्या नोकरीचे पत्र हातात घेऊन व्हिसाचा अर्ज भरायला बसलेल्या मुलाला असा सल्ला देणारा एखादा मामा किंवा मित्र भेटतोच. सल्ल्यामागे माया असते. कॉलेजात असताना मिरवणुकीत झालेली मारामारी, भावाच्या संसारातले भांडण विवाहितेच्या छळाच्या ४९८अ कलमापर्यंत गेले तेव्हा तक्रारीत आलेले स्वतःचे नाव, पत्त्यांच्या डावावर पडलेली धाड. घराने कधीच मागे टाकलेली ही गोष्ट अर्जातल्या एका प्रश्नाने पुन्हा समोर येते आणि मुलगा घाबरतो. त्या भीतीपोटी लिहिलेले ‘नाही’ मूळ अटकेपेक्षा कितीतरी जास्त नुकसान करते. म्हणून या विषयातले गैरसमज एकेक करून पाहू.

“पोलिसांत नाव गेलं म्हणजे अटक झाली”

तसे नाही, आणि हा फरक आधी समजला पाहिजे. अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, म्हणजे आपण ज्याला एनसी म्हणतो ती, झाली की पोलीस न्यायालयाच्या वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत. एफआयआरमध्ये नाव आहे, पण पोलिसांनी नोटीस देऊन जबाबापुरते बोलावले, तर तीही अटक नव्हे. ४९८अ च्याच एका प्रकरणात, अर्नेश कुमार विरुद्ध बिहार राज्य या २०१४ च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, आधी नोटीस द्यावी, असे बजावले. त्यानंतरच्या अनेकांची केस नोटिशीवरच चालली आहे.

याच्या उलटही घडते. अटकपूर्व जामीन मिळालेला माणूस ठामपणे सांगतो, “मला अटक झालीच नाही.” पण पोलीस ठाण्यात त्याची अटक कागदावर दाखवून लगेच जामिनावर सोडलेले असू शकते. कोठडीत एक मिनिटही न घालवता अटकेची नोंद झालेली असते. मोर्चात किंवा सणाच्या आधी ‘१५१ खाली’ उचललेल्यांचेही असेच. ती प्रतिबंधक कारवाई असते, तिच्यामागून चॅप्टर केस, म्हणजे शांततेच्या हमीपत्राची कारवाई, होते, दोषसिद्धी होत नाही. पण अटक मात्र कागदावर असते. आठवणीवर विसंबू नका. अटक पंचनामा आहे का, जामीनपत्र आहे का, ते बघा आणि मग ठरवा.

“निर्दोष सुटलो, म्हणजे आता ‘नाही’ लिहायला हरकत नाही”

सर्वांत जास्त माणसे इथे अडकतात, कारण हे तर्काला पटते. न्यायालयाने निर्दोष ठरवले, मग अटक सांगायची कशाला?

उत्तर प्रश्नाच्या शब्दांत आहे. अमेरिकेच्या एच-१बी व्हिसासाठी डीएस-१६० हा अर्ज भरावा लागतो. त्यात विचारले जाते की तुम्हाला कधीही, कोणत्याही गुन्ह्यासाठी अटक झाली आहे का किंवा तुम्ही दोषी ठरला आहात का. माफी मिळाली असली तरी सांगा. ‘कधीही’ या शब्दाला कालमर्यादा नाही. ‘अटक किंवा दोषसिद्धी’ यातले एक घडले तरी उत्तर ‘हो’ येते. निर्दोष सुटका, तडजोड, उच्च न्यायालयाने रद्द केलेला एफआयआर, तपास बंद करताना पोलिसांनी न्यायालयाला पाठवलेली ‘बी’ किंवा ‘सी’ समरी, यांपैकी कशानेही झालेली अटक न झालेली होत नाही. हे सगळे ‘हो’च्या खाली दिलेल्या जागेत लिहायचे असते, आणि तिथे ते तुमच्या बाजूने उभे राहते.

कॅनडाचा अर्जही असाच व्यापक प्रश्न विचारतो: गुन्हा केला आहे का, अटक झाली आहे का, आरोप ठेवला गेला आहे का, दोषी ठरला आहात का. ब्रिटनच्या अर्जाचा भर मात्र दोषसिद्धी, पोलिसांची ताकीद आणि अजून निकाल न लागलेला आरोप यांवर असतो. कधीच निकाली निघालेल्या अटकेचा प्रश्न तिथे त्याच शब्दांत येत नाही. म्हणून एका देशाच्या अर्जातले उत्तर दुसऱ्या देशाच्या अर्जात उतरवू नका. प्रश्न दोनदा वाचा. विचारले आहे तेवढ्याचे खरे उत्तर द्या.

“‘हो’ लिहिले की व्हिसा गेलाच”

अमेरिकेच्या कायद्यात नुसती अटक हे सहसा नकाराचे कारण ठरत नाही. अधिकारी पाहतो तो गुन्ह्याचा प्रकार आणि खटल्याचा शेवट. चोरी, फसवणूक यांसारख्या नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यांत दोषी ठरलेल्याला व्हिसा नाकारता येतो. त्यालाही अपवाद आहे: आयुष्यात असा एकच गुन्हा असेल, त्याला कायद्याने जास्तीत जास्त एक वर्षापर्यंतच कैद असेल आणि प्रत्यक्ष शिक्षा सहा महिन्यांहून जास्त नसेल, तर तो आड येत नाही.

हा अपवाद आपल्या कलमांना लावून पाहा. जुलै २०२४ पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या ३२३ कलमाखालच्या साध्या मारहाणीला कमाल शिक्षा एक वर्ष होती. ती या मर्यादेत बसते, शिवाय साधी मारहाण मुळात नैतिक अधःपतनाचा गुन्हा सहसा मानलीच जात नाही. ३७९ खालच्या चोरीला कमाल तीन वर्षे. न्यायाधीशाने तुम्हाला पाचशे रुपये दंडावर सोडले असले, तरी कायद्यातली कमाल शिक्षा तीन वर्षेच धरली जाते आणि अपवाद लागू होत नाही. म्हणून “किती शिक्षा झाली” याच्या आधी “कलम कोणते होते” हे माहीत हवे.

दोन बाबतींत नुसती अटकही भारी पडते. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल गेल्या पाच वर्षांत अटक झाली असेल, तर अमेरिकी वकिलात वैद्यकीय तपासणीसाठी पाठवते. अमली पदार्थांच्या व्यापारात हात असल्याचा सबळ संशय आला, तर दोषसिद्धीचीही गरज राहत नाही.

बाकी प्रकरणांत ‘हो’ लिहिणाऱ्याच्या वाट्याला येतो तो बहुधा उशीर. कागद मागवले जातात, अर्ज काही काळ थांबतो. तेवढा वेळ हाताशी ठेवूनच कंपनीशी रुजू होण्याच्या तारखेचे बोला.

“भारतातली नोंद त्यांना कुठून कळणार?”

एखाद्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यातली वही मुंबईच्या वकिलातीतल्या संगणकावर दिसत नाही, हे खरे. याच अर्ध्या सत्यावर तो मायेचा सल्ला उभा असतो. पण व्हिसा एकदाच लागत नाही.

समजा, एका मुलाने २०१३ मध्ये डीएस-१६० वर ‘नाही’ लिहिले आणि तो एच-१बी वर गेला. नोकरी लागली, लग्न झाले, मुले झाली, ग्रीन कार्डाची रांग लांबत गेली. रांग सरली तेव्हा प्रश्न पुन्हा आला: कुठेही, कधीही अटक झाली होती का? प्रक्रिया भारतातल्या वकिलातीतून होणार असेल, तर सोळा वर्षांवरील प्रत्येकाला पोलिसांचे प्रमाणपत्रही द्यावे लागते. पुढे नागरिकत्वाच्या अर्जातही हाच प्रश्न असतो. आता ‘हो’ लिहावे, तर २०१३ चे ‘नाही’ खोटे ठरते. ‘नाही’ लिहावे, तर खोट्याची रास वाढते. ज्या अटकेने २०१३ मध्ये बहुधा काही काळ उशीरच झाला असता, ती आता सगळ्या कुटुंबाच्या मुळावर येते.

महत्त्वाची बाब जाणूनबुजून लपवल्याचे ठरले, तर अमेरिकेच्या कायद्यात ती अपात्रता आजन्म असते. तात्पुरत्या व्हिसासाठी माफी मागण्याची सोय आहे, पण ती मागावी लागते आणि मिळेलच असे नसते. ब्रिटनमध्ये फसवणुकीबद्दल दहा वर्षांपर्यंत अर्ज नाकारले जातात. कॅनडात पाच वर्षे बंदी, ऑस्ट्रेलियात तीन. अटक सांगितल्याबद्दल मात्र यांपैकी कोणताही देश अशी बंदी घालत नाही.

अटक अमेरिकेतच झाली असेल, विद्यार्थी असताना दुकानातून पैसे न देता वस्तू नेल्याबद्दल किंवा रात्रीच्या पार्टीनंतर गाडी चालवल्याबद्दल, तर ती लपण्याचा प्रश्नच उरत नाही. तिथे बोटांचे ठसे घेतलेले असतात आणि व्हिसाच्या वेळी दहाही बोटांचे ठसे पुन्हा घेतात. तिथल्या न्यायालयाने नोंद पुसण्याचा आदेश दिला, तरी व्हिसाच्या कामासाठी ती घटना सांगावीच लागते.

“दंड भरला आणि केस मिटली”

हे वाक्य कोर्टाच्या आवारात रोज ऐकू येते. तारखांना कंटाळलेला माणूस गुन्हा कबूल करतो, तीनशे-पाचशे रुपये भरतो आणि घरी येऊन सांगतो की केस मिटली. कायद्याच्या भाषेत तो दोषी ठरलेला असतो. तडजोडीने मिटणे, पुराव्याअभावी सुटणे आणि कबुली देऊन दंड भरणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिसासाठी त्यांतली तिसरी सर्वांत महाग. एखाद्याची केस आज चालू असेल आणि पुढे परदेशी जाण्याचा विचार असेल, तर ‘कबूल’ म्हणण्याआधी आपल्या वकिलाला हे नक्की सांगा.

३१ डिसेंबरच्या रात्री नाकाबंदीत सापडलेल्यांचे उदाहरण घ्या. आपल्याकडे शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल असले की मोटार वाहन कायद्याच्या १८५ कलमाखाली गुन्हा होतो. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. आपल्याकडे लोक याकडे वाहतुकीची पावती म्हणून पाहतात. कॅनडाने मात्र १८ डिसेंबर २०१८ पासून नशेत गाडी चालवण्याची कमाल शिक्षा दहा वर्षे केली, आणि हा गुन्हा त्यांच्या स्थलांतर कायद्यात गंभीर गुन्ह्यांच्या गटात गेला. परदेशातली दोषसिद्धी तिथल्या कोणत्या गुन्ह्याशी जुळते, हे कॅनडाचा अधिकारी तपासतो. तिथली मर्यादा ऐंशी मिलिग्रॅम आहे. तुमच्या चाचणीत चाळीस आकडा आला होता की एकशे चाळीस, यावर पुष्कळ काही ठरू शकते. तो आकडा असलेला कागद फेकून देऊ नका.

“पासपोर्ट मिळाला, म्हणजे सगळे साफ आहे”

पासपोर्ट आणि व्हिसा देणारी सरकारे वेगळी, त्यांचे कायदेही वेगळे. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असेल, तर पासपोर्ट नाकारता येतो. पण २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेने वाट ठेवली आहे: त्याच न्यायालयाकडून परदेशी जाण्याची परवानगी आणली, तर ठरावीक मुदतीचा पासपोर्ट मिळतो. नुसता एफआयआर म्हणजे प्रलंबित खटला नव्हे, हेही परराष्ट्र मंत्रालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. न्यायालयाने दखल घेतल्यावरच तो प्रलंबित धरतात. पासपोर्टच्या अर्जात माहिती दडवणे हा मात्र त्याच कायद्याखाली गुन्हा आहे.

पोलिसांच्या प्रमाणपत्राबाबतही गोंधळ होतो. महाराष्ट्र पोलीस देतात ते चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्र इथल्या नोकरीसाठी. परदेशासाठी लागणारे पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, पासपोर्ट कार्यालय देते. त्याचे शुल्क पाचशे रुपये.

“अर्ज एजंटने भरला होता”

बचाव म्हणून हे फारसे चालत नाही. अर्ज कोणीही टंकलेला असो, शेवटची सही तुमची असते. पाठवण्याआधी प्रत्येक पान स्वतः वाचा. एजंट “हे लिहू नका” म्हणाला, तर एजंट बदला.

आता कागदांचे

ज्या न्यायालयात केस चालली, तिथल्या नक्कल विभागात अर्ज करून निकालाची प्रमाणित प्रत घ्या. एफआयआर, दोषारोपपत्र, जामिनाचा आदेश, दंडाची पावती यांच्याही प्रती मिळवा. केस क्रमांक हरवला असेल, तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नाव, वर्ष आणि न्यायालय घालून शोधा. जुने प्रकरण तिथे नसेल, तर वकिलाकरवी न्यायालयाच्या नोंदवहीत शोधावे लागते. आपल्या कनिष्ठ न्यायालयांचे निकाल अनेकदा मराठीत असतात, त्यांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या. सोबत अर्ध्या पानाचे निवेदन लिहा: काय घडले, कोणते कलम, काय निकाल, किती तारखेला. रडगाणे नको आणि समोरच्यावर आरोपही नकोत. मुलाखतीत जे बोलाल, ते या कागदाशी जुळले पाहिजे.

हे काम नोकरीचे पत्र येईपर्यंत थांबवू नका. न्यायालये जुन्या प्रकरणांची कागदपत्रे ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात. तुमची केस दहा-बारा वर्षांपूर्वीची असेल, तर नकलेचा अर्ज याच आठवड्यात द्या.