वृत्तपत्रचालक डॉ. बाबासाहेब आंबेडकर

मराठी वृत्तपत्रसृष्टीचा प्रारंभ ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'ने झाला. तेव्हापासून आजवर अनेक पत्रे निघाली आणि बंदही पडली. पत्र चालण्यासाठी संपादकाची लेखणी लागते, तसा कागद, छापखाना, वर्गणीदार आणि जाहिराती यांचा मेळ घालणारा चालकही लागतो. घटनाकार म्हणून सर्वांना परिचित असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या दोन्ही जबाबदाऱ्या पेलल्या. त्यांपैकी चालकाची बाजू मात्र फारशी परिचित नाही.

'मूकनायक'चा उदय

अस्पृश्य समाजाची गाऱ्हाणी मांडणाऱ्या स्वतंत्र पत्राची निकड ओळखून त्यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले. या कार्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले. त्या वेळी बाबासाहेब सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्यामुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव असे. लेखनाची दिशा मात्र बाबासाहेबांची होती. पत्राची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला होता, असे बाबासाहेबांनीच पुढे नमूद केले आहे. ज्या समाजाला सार्वजनिक पाणवठा मोकळा नव्हता, त्याला जाहिरातीचा रकानाही मोकळा नव्हता.

जुलै १९२० मध्ये अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी बाबासाहेब लंडनला गेले. त्यांच्यामागे ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप यांनी संपादनाचे काम पाहिले. तथापि १९२३ मध्ये 'मूकनायक' बंद पडले. एकदा मिळालेल्या देणगीवर पत्र सुरू करता येते; ते टिकवायचे तर नियमित वर्गणी आणि जागेवर राहून देखरेख करणारा चालक यांची गरज असते, हे या अनुभवातून स्पष्ट झाले.

'बहिष्कृत भारत': श्रम आणि तूट

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांत, ३ एप्रिल रोजी, 'बहिष्कृत भारत' निघाले. या वेळी संपादक म्हणून बाबासाहेबांनी स्वतःचे नाव दिले. महाडची हकिकत आणि त्यावर घेतल्या गेलेल्या आक्षेपांची उत्तरे या पत्राने दिली.

पत्राचा भार मात्र जवळजवळ एकट्यावर होता. वकिली, विधिमंडळाचे काम आणि सभा-परिषदा सांभाळून अंकाचे २४-२४ रकाने एकट्याने लिहून काढण्याचा प्रसंग त्यांच्यावर येई. वाचकवर्ग बहुतांशी गिरणी कामगार, शेतमजूर आणि गावकामगार यांचा. त्यांतील अनेकांना अक्षरओळख नव्हती. मग एकाने वाचावे व इतरांनी ऐकावे, असा मार्ग उरे. ऐकणारे पुष्कळ असले तरी वर्गणी एकाचीच येणार, ही अशा पत्राची मूळ अडचण होय. बाबासाहेबांनी अंकांतून निधीसाठी आवाहने केली आणि पत्राचे ऋण हे समाजाचे ऋण आहे, अशी भूमिका घेतली. पुरेशा द्रव्यबळाअभावी १५ नोव्हेंबर १९२९ च्या अंकानंतर हेही पत्र थांबले.

'जनता'चे स्थैर्य

दोन पत्रांच्या अनुभवानंतर २४ नोव्हेंबर १९३० रोजी 'जनता' सुरू झाले. या वेळी कार्यपद्धती बदलली. सारा भार एका व्यक्तीवर न ठेवता देवराव विष्णू नाईक, भास्कर रघुनाथ कद्रेकर, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे आदी सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या काळात संपादनाची धुरा वाहिली. चळवळीचा स्वतःचा 'भारत भूषण' छापखानाही होता. छपाईसाठी दुसऱ्याच्या दारात जावे लागले नाही, तर अंक निघण्याची शाश्वती वाढते, हा त्यामागील व्यवहार होता. पाक्षिक म्हणून निघालेले 'जनता' पुढे साप्ताहिक झाले. गोलमेज परिषदेच्या काळात बाबासाहेबांनी लंडनहून लिहिलेली पत्रे त्यातून प्रसिद्ध झाली. सुमारे २५ वर्षे चाललेल्या या पत्राचे ४ फेब्रुवारी १९५६ रोजी 'प्रबुद्ध भारत' असे नामांतर करण्यात आले.

आजचा बोध

'मूकनायक' सुमारे तीन वर्षे, 'बहिष्कृत भारत' अडीच वर्षे आणि 'जनता' २५ वर्षे चालले. लेखणीमागील विचार तोच होता. फरक पडला तो मनुष्यबळ व छापखाना यांच्या व्यवस्थेमुळे. आपले म्हणणे मांडण्याचा हक्क कोणालाही आहे. परंतु तो बजावण्याचे साधन हाती नसेल, तर हक्क कागदावरच राहतो.

'मूकनायक' व 'बहिष्कृत भारत' यांचे अंक महाराष्ट्र शासनाने १९९० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. शाळांच्या व गावांच्या ग्रंथालयांनी हा ग्रंथ संग्रही ठेवल्यास शिक्षकांना तो विद्यार्थ्यांसमोर उलगडून दाखविता येईल. गावातील वाचनालयाची वर्गणी मंजूर करताना पंचायत सदस्यांनीही हा इतिहास स्मरणात ठेवणे उचित ठरेल. वर्गणीची ती लहानशी रक्कम कोणाचा तरी आवाज टिकवीत असते.