चहा नव्हे, फांट!

'चहा' हा आपल्या भाषेतला फार उदार शब्द आहे. ज्या गवताचा चहाच्या झुडपाशी काडीचाही संबंध नाही, त्याला आपण गवती चहा म्हणून मोकळे झालो. आता त्याच शब्दाच्या आधाराने कॅमोमाइल नावाची एक पाहुणी आपल्या स्वयंपाकघरात आली आहे. शहरातल्या मोठ्या दुकानांत चहाच्याच फळीवर तिचे डबे मांडलेले असतात. डबा घरी येतो आणि चहा म्हटल्यावर कोणतीही गृहिणी जे करील तेच ती करते. आधण ठेवते, साखर घालते, आले ठेचते, सगळे खळखळ उकळते आणि वर दूध ओतते. मग एक घोट घेऊन घरातली मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

यात गृहिणीचा दोष नाही, दोष शब्दाचा आहे. मी मराठी शिकवतो, वैद्यकी नव्हे. पण एखादा शब्द हरवला की त्याच्याबरोबर एक कृतीही हरवते, याचे इतके चोख उदाहरण मला क्वचितच सापडले असेल. 'शार्ङ्गधर संहिते'त औषधी वनस्पतींचा रस काढण्याचे पाच मूळ प्रकार सांगितले आहेत: स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. क्वाथ म्हणजे आपला काढा. औषधाच्या सोळापट पाणी घालून ते आटवत आटवत अष्टमांश उरवायचे. हिम म्हणजे औषध रात्रभर थंड पाण्यात भिजत घालून सकाळी गाळून घ्यायचे. आणि फांट म्हणजे भरडलेल्या औषधावर कढत पाणी ओतून, जरा मुरू देऊन गाळायचे. चुलीवर उकळायचे नाही! मुळे आणि साली चिवट, त्यांचा काढा करावा. नाजूक पानाफुलांचा फांट करावा, असा हा सुज्ञ भेद आहे. त्यातला काढा आपल्या घराघरांत राहिला. फांट मात्र वैद्यांच्या पोथीत गेला आणि तिथेच राहिला. म्हणून आज आपण जे हाती येईल त्याचा काढा करतो.

कॅमोमाइलचे सारे सत्त्व तिच्या फुलातल्या सुगंधी तेलात आणि तशाच काही नाजूक द्रव्यांत असते. तेल उडून जाणारे. उकळताना घरभर सुवास दरवळला म्हणजे कपात यायचे ते वाफेबरोबर गेले असे समजावे. मागे उरतो तो कडवटपणा. (हे तेल वाफेने वेगळे काढले की शाईसारखे निळे दिसते. पिवळ्यापांढऱ्या फुलातून निळे तेल! तो निळा रंग फुलात नसतो. ऊर्ध्वपातनाच्या उष्णतेत तो तयार होतो.)

ही फुले दिसायला अगदी साधी. मध्ये पिवळा गेंद, भोवती पांढऱ्या पाकळ्या. कूळ शेवंतीचे, झेंडूचे आणि सूर्यफुलाचे. ग्रीकांना त्यांचा वास सफरचंदासारखा वाटला, म्हणून त्यांनी नाव ठेवले 'जमिनीवरचे सफरचंद'. त्यावरूनच कॅमोमाइल शब्द आला. स्पॅनिश लोक आजही तिला 'मान्झानिया', म्हणजे छोटे सफरचंद, म्हणतात. फारसीत ती 'बाबूना'. युनानी औषधांच्या दुकानात 'गुले बाबूना' मागितले तर दुकानदार तुमच्याकडे आश्चर्याने पाहणार नाही. उत्तर प्रदेशात लखनौच्या बाजूला तिची लागवड होते आणि क्षारपड जमिनीतही ती तग धरते. तेव्हा पाहुणी म्हटली तरी ती अगदीच परकी नव्हे.

युरोपात मात्र ती घरची आजीबाई. बिअॅट्रिक्स पॉटर या इंग्रज लेखिकेच्या १९०२ सालच्या 'पीटर रॅबिट'च्या गोष्टीत, दिवसभर उनाडक्या करून आजारलेल्या सशाला त्याची आई निजताना कॅमोमाइलच देते, तीही चमच्याने. शहाण्या भावंडांना दूध-पाव आणि रानमेवा, या पठ्ठ्याला औषध! म्हणजे तिकडेही हे मूळचे औषधच; चैनीचे पेय ते पुढे झाले.

आमच्या घरी तिचा डबा आणला म्युनिकला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने. बाबा गेल्यापासून आईची झोप मोडली आहे. रात्री दोनच्या सुमारास स्वयंपाकघरात दिवा लागलेला दिसला की आई डबे पुसत बसली आहे हे आम्ही ओळखतो. झोपेच्या गोळीचे नाव काढले की ती म्हणते, "उद्या उठलेच नाही तर?" बहिणीने डबा दिला आणि ती निघून गेली. आईने दुसऱ्याच दिवशी दूध-साखर घालून पातेलेभर 'चहा' उकळला आणि मला हाक मारली. "अरे, हा चहा आहे की देवाचं निर्माल्य उकळलंय?"

मग रीतसर कप झाला. रीत अशी: एका कपाला, म्हणजे सुमारे दीडशे मिलिलिटर पाण्याला, सुकी फुले मोठा चमचाभर, वजनाने तीनेक ग्रॅम. पाण्याला उकळी आली की भांडे खाली उतरवावे, फुले घालावीत आणि लगेच घट्ट झाकण ठेवावे. पाच ते दहा मिनिटे तिकडे बघू नये. झाकण काढताना त्याच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब ओट्यावर झटकू नयेत, ते पुन्हा भांड्यातच पडू द्यावेत. सुगंध त्यांतच असतो. मग गाळावे. दूध नको. हवा तर थोडा मध घालावा. चहाची पूड टाकताच गॅस बंद करून झाकण ठेवणारी घरे आपल्याकडे अजून आहेत, त्यांना हे सांगावे लागणार नाही. फुले घेताना पिवळे गेंद अखंड दिसतील अशी घ्यावीत. दोरीच्या पुड्यांत बहुधा चुराच असतो.

आईला तो कप आवडला. "वास बरा आहे हो," एवढे प्रशस्तिपत्र तिच्याकडून म्हणजे फार.

पण याने झोप येते का? फुलांतल्या एपिजेनिन नावाच्या द्रव्याचा मेंदूवर सौम्य परिणाम होत असावा, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. परंतु २०११ साली अमेरिकेत निद्रानाशाच्या चौतीस रुग्णांवर महिनाभर कॅमोमाइलच्या अर्काचा प्रयोग झाला, तेव्हा झोपेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. माझे मत विचाराल तर चहा-कॉफीतले कॅफीन तिच्यात नाही, हाच तिचा खात्रीचा गुण. रात्री साडेनऊचा चहा सोडून कोणी हा कप घेतला, तर निम्मे श्रेय सोडलेल्या चहाचे.

आईला हे रोज द्यावे की काय, हे मी आधी आमच्या डॉक्टरांना विचारले. आईच्या हृदयात कृत्रिम झडप आहे आणि रक्त पातळ ठेवण्यासाठी ती वॉरफरिनची गोळी घेते. डॉक्टर ताबडतोब म्हणाले, "मुळीच नको." वॉरफरिन घेणाऱ्या एका सत्तर वर्षांच्या बाईंनी कॅमोमाइलचा चहा आणि मलम दोन्ही वापरल्यावर त्यांना शरीरात रक्तस्राव झाला, अशी नोंद कॅनडातल्या वैद्यकीय नियतकालिकात २००६ साली आली आहे. 'नुसती फुलेच तर आहेत' म्हणून घरातल्या वृद्धांच्या हातात कप देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. शेवंतीच्या परागाने ज्यांना शिंका येतात किंवा अंगावर पित्त उठते, त्यांनीही दूर राहावे. या पाण्याने डोळे धुऊ नयेत. गरोदर स्त्रीने डॉक्टरांना विचारावे, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध कशातूनही देऊ नये.

आईला कळले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे निर्माल्यच निघालं की नाही?" आणि डबा माझ्या हवाली केला.

ज्यांना अशी अडचण नाही त्यांना कुंडीत लावून पाहायला हेच दिवस योग्य. दिवाळीनंतर थंडी सुरू झाली की बी मातीवर नुसते भुरभुरावे. वर माती लोटू नये, कारण रुजायला त्याला उजेड लागतो. ऊन भरपूर, पाणी बेताचे. दोन-अडीच महिन्यांत फुले येतात. पाकळ्या आडव्या पसरलेल्या असतानाच ती खुडावीत आणि सावलीत सुकवावीत. एखादे फूल ब्लेडने उभे चिरून पाहावे. मधला पिवळा गेंद आतून पोकळ निघाला तर ती अस्सल जर्मन कॅमोमाइल. भरीव निघाला तर बी देणाऱ्याने दुसरेच काही दिले आहे.