सापाचे विष पुन्हा कसे भरते?

धान कापणीच्या दिवसांत दिघोरी परिसरात पुंजण्याखाली किंवा धुऱ्यावरील बिळातून साप निघणे नवीन नाही. "याने आत्ताच उंदीर धरला, आता यात विष उरले नाही," असे तेव्हा कोणीतरी म्हणतोच. हा समज जिवावर बेततो. एका दंशात साप सहसा सर्व विष सोडत नाही. जे खर्च होते तेही ग्रंथीत पुन्हा तयार होते.

विष म्हणजे मुख्यत्वे प्रथिने. पेशीत प्रथिने बनविण्याचे काम रायबोसोम नावाचे सूक्ष्म कण करतात. हे कण घडविणारी जनुके गुणसूत्रांवर असतात. एकाच प्रतीने काम भागत नाही, म्हणून त्यांच्या शेकडो प्रती असतात. तीन जनुके, मग थोडी जागा, पुन्हा तीच तीन. दोरी धरून केलेल्या रोवणीसारखी ही मांडणी असते.

सापांच्या बऱ्याच जातींत ३६ गुणसूत्रे आढळतात: १६ मोठी व २० अगदी बारीक. भारतीय सापांच्या गुणसूत्रांवर बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. लालजी सिंग यांनी काम केले व १९७१ मध्ये पीएच.डी. मिळविली. रायबोसोमी जनुकांची जागा शोधण्यासाठी सिल्व्हर नायट्रेट वापरतात. जी जनुके कामात होती, तेवढ्याच जागी काळा ठिपका उमटतो. अनेक सापांत हा ठिपका बारीक गुणसूत्रांच्या एका जोडीवर, तर काहींत मोठ्या गुणसूत्रावर दिसतो. एवढ्याशा जागेवर सगळा कारखाना अवलंबून!

विष काढून घेतलेल्या सापांच्या ग्रंथी तपासल्या असता, पहिल्या काही दिवसांतच पेशींतील आरएनए व प्रथिनांची निर्मिती वाढलेली आढळते. ग्रंथी पूर्ण भरण्यास काही आठवडे लागू शकतात, परंतु दरम्यान साप निर्विष नसतो.

म्हणून नुकतेच भक्ष्य मारलेल्या सापालाही हात लावू नये. दंश झाल्यास चिरा देऊ नये, करकचून बांधू नये. तो अवयव न हलवता रुग्णास तातडीने दवाखान्यात न्यावे, १०८ क्रमांकावर वाहन बोलवावे. मण्यारीचा दंश रात्री झोपेत होतो व खूण बहुधा दिसत नाही. पहाटे पोट दुखून पापण्या जड झाल्यास खूण शोधत बसू नये.