टीव्हीवरची खालची पट्टी कापली जातेय? नवा सेट घेण्याआधी हे सेटिंग बघा

धार/देवास : पवारांच्या संस्थानांच्या काळापासून धार आणि देवासमध्ये मराठी घरं आहेत. बाहेर सगळा व्यवहार हिंदीत, त्यामुळे घरात मराठी बातम्यांचं चॅनेल ऐकण्याइतकंच वाचण्यासाठीही लावलं जातं. पण अनेक टीव्हींवर खालून सरकणारी पट्टी कापली जाते. अक्षराखालचे उकारच गेले, तर ‘पुणे’चं ‘पणे’ होतं. मग केबलवाल्याला फोन जातो किंवा नवा टीव्ही घ्यायची भाषा सुरू होते. बहुतेक वेळा दोन्हीची गरज नसते.

असं का होतं?

जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत विजेचा दाब बदलला की चित्र थोडं लहान-मोठं व्हायचं. कडेला काळी पट्टी दिसू नये म्हणून कंपन्या चित्र पडद्यापेक्षा मोठंच ठेवायच्या. यालाच ‘ओव्हरस्कॅन’ म्हणतात. ट्यूब गेली, पण ही पद्धत अनेक एलईडी सेटमध्येही राहिली. १९२० बाय १०८० ठिपक्यांचं चित्र ५ टक्के मोठं केलं, की सुमारे १८२९ बाय १०२९ ठिपकेच दिसतात. उरलेले कडेला जातात.

आधी काय तपासायचं?

सेटटॉप बॉक्सचा मेन्यू आणि पेन ड्राइव्हवरचा एखादा फोटो, दोन्ही लावून बघा. फक्त बॉक्सचंच चित्र कापलं जात असेल, तर बॉक्सच्या रिमोटवरचं झूम किंवा स्क्रीन साइज बदलून बघा. तरीही फरक पडला नाही, किंवा दोन्हीकडे कापलं जात असेल, तर टीव्हीच्या पिक्चर मेन्यूत जा. एलजीमध्ये ‘जस्ट स्कॅन’, सॅमसंगमध्ये ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फिट टू स्क्रीन’, सोनीमध्ये ‘फुल पिक्सेल’ अशी नावं मिळतात. मॉडेलप्रमाणे नाव थोडं वेगळं असू शकतं. बऱ्याच सेटवर हे प्रत्येक एचडीएमआयसाठी वेगळं ठेवावं लागतं.

मोठा प्रोजेक्शन टीव्ही असेल तर?

काही घरांत, हॉलमध्ये अजूनही मागून चित्र टाकणारे अवजड रिअर-प्रोजेक्शन सेट असतात. ट्यूबवाल्या सेटमध्ये लाल, हिरवी आणि निळी अशा तीन ट्यूबची चित्रं आरशावरून पडद्यावर एकावर एक पडतात. त्यात साध्या मेन्यूत हा पर्याय सहसा नसतो. उंची-रुंदी सर्व्हिस मेन्यूतून बदलावी लागते. काही बदलण्याआधी प्रत्येक आकडा कागदावर लिहून घ्या किंवा मोबाइलवर फोटो काढा. आकडा एक-एक घरानेच हलवा. आकार बदलला की तिन्ही रंग पुन्हा जुळवावे लागतात, नाहीतर अक्षरांना रंगीत सावली येते. चित्र अगदी काठापर्यंतही आणू नका. वरच्या कडेला पांढऱ्या तुटक रेघा दिसू लागतात. २-३ टक्के जागा सोडलेली बरी.

मागचं झाकण मात्र उघडू नका. आत हजारो व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकतो. ते काम जुन्या, अनुभवी मेकॅनिकचंच.

पट्टी पूर्ण दिसली, उकार जागेवर आले, की समजा काम झालं.