इथली पॉलिसी तिथे चालते का?

गटाच्या बैठकीत कर्जाचं कारण विचारलं की शेळ्या, शिलाई मशीन, दवाखाना अशी उत्तरं यायची. आता मधूनच "पोराला जर्मनीला जायचंय" असंही ऐकू येतं. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून नर्सिंग आणि आयटीआय झालेल्या मुलामुलींच्या घरात हा विषय जास्तच निघतो. कर्जाच्या यादीत तिकीट, व्हिसा, भाषेचा क्लास यांच्यासोबत 'विमा' अशी एक ओळ असते. आज आम्ही त्या ओळीबद्दल बोलणार आहोत, कारण तिथेच पैसे दोनदा जातात.

आमच्या भागातल्या एका ताईंनी मुलासाठी एजंटाच्या सांगण्यावरून पूर्ण वर्षाची पॉलिसी इथूनच काढली. विद्यापीठात नाव नोंदवताना ती मानली गेली नाही. मुलाला तिथला विमा घ्यावा लागला, आणि इकडे ताई अजून हप्ते फेडताहेत. पॉलिसी खोटी नव्हती बरं का. ती प्रवासाची होती, राहण्याची नव्हती.

हा फरक समजून घेऊ. चार दिवसांच्या पाहुण्याचा पाय मोडला, पोटात दुखायला लागलं, तर तेवढ्यापुरता खर्च प्रवास विमा देतो. त्याला रकमेची मर्यादा असते, शेवटची तारीख असते, आणि जुना आजार, गरोदरपण हे बहुतेक वेळा त्यात धरत नाहीत. राहायला येणाऱ्या माणसाकडून जर्मनीला वेगळी हमी हवी असते. उद्या त्याला मोठं दुखणं निघालं तर बिल सरकारवर पडू नये, म्हणून तिथल्या लोकांना मिळतं तसंच संरक्षण त्याच्याकडे असावं लागतं. ते दाखवल्याशिवाय राहण्याचा परवाना मिळत नाही.

मग घरचं आयुष्मान कार्ड? ते आणि महात्मा फुले जनआरोग्य योजना इथल्या ठरवून दिलेल्या दवाखान्यांपुरती. साधी मेडिक्लेमही बहुतेक भारतातल्या उपचारापुरतीच असते. फ्रान्स किंवा इटलीतून जर्मनीत शिकायला आलेल्या मुलाला मात्र घरचं कार्ड चालतं, कारण युरोपीय संघाच्या देशांचा आपसात तसा नियम आहे. भारत आणि जर्मनीत करार आहे, पण तो पेन्शनचा. दवाखान्याचा नाही.

विद्यापीठात शिकणाऱ्या तिशीच्या आतल्या मुलांना तिथला सरकारी विमा घेता येतो. महिन्याला साधारण १४० ते १५० युरो पडतात. हे पैसे इथून वेगळे उभे करायचे नसतात. व्हिसासाठी जे बंद खातं दाखवतात, वर्षाला ११,९०४ युरोचं, त्यातून मुलाला दरमहा ९९२ युरो मिळतात आणि विम्याचा हप्ता त्यातूनच जातो. म्हणजे इथून विमा घ्यायचा तो विमानात बसल्यापासून तिथल्या विम्यात नाव लागेपर्यंतचा. व्हिसाच्या वेळी तोच दाखवावा लागतो. अगोदर नुसता भाषेचा कोर्स करायला जाणाऱ्यांना विद्यार्थ्यांचा सरकारी विमा मिळत नाही, त्यांना खाजगी घ्यावा लागतो. त्यांनी काढण्याआधी "राहण्याच्या परवान्याला हीच पॉलिसी चालते का" हे लेखी विचारावं.

आणखी एक खोच आहे. खाजगी विमा स्वस्त आहे म्हणून सरकारी विम्यातून सूट घेता येते, पण एकदा सूट घेतली की ते शिक्षण संपेपर्यंत परत फिरता येत नाही. कोणी घाईने सही मागत असेल तर मुलाला थांबायला सांगा.

नर्स म्हणून नोकरीवर जाणाऱ्या मुलीचं काम सोपं आहे. सरकारी विम्याचा निम्मा हप्ता मालक भरतो, निम्मा पगारातून कापला जातो. तिचा नवरा कमावता नसेल तर तो आणि मुलं त्याच हप्त्यात बसतात. आईवडील बसत नाहीत.

आखातात जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. दहावी न झालेल्या कामगाराच्या पासपोर्टला ईसीआर म्हणतात. त्याला नोकरीसाठी देश सोडण्याआधी आपल्या सरकारची प्रवासी भारतीय विमा योजना घ्यावीच लागते. दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख मिळतात. इतक्या कमी पैशात याहून चांगलं काही आम्हाला माहीत नाही. वारस म्हणून कोणाचं नाव लावलंय ते बघा आणि पॉलिसीची एक प्रत घरी ठेवा. प्रत नवऱ्याच्या मोबाईलमध्येच राहिली तर बायकोला त्याचा काय उपयोग? मात्र या विम्यावर तिथे राहण्याचा परवाना मिळत नाही. संयुक्त अरब अमिरातीत १ जानेवारी २०२५ पासून परवाना काढताना आणि नव्याने करताना मालकाने काढलेला आरोग्य विमा लागतो, आणि त्याचा खर्च मालकाचा असतो. इथला एजंट त्या नावाने पैसे मागत असेल तर कशाचे म्हणून विचारा.

राहता राहिला आईचा प्रवास. लेकीच्या बाळंतपणाला जर्मनीला जायचं तर ९० दिवसांपर्यंतचा व्हिसा मिळतो, आणि इथे आपली भारतातली पॉलिसी चालते. किमान ३०,००० युरोचं संरक्षण हवं, आणि येण्याजाण्याचे सगळे दिवस तिच्यात बसायला हवेत. बीपी, साखर असेल तर फॉर्ममध्ये लपवू नका, नंतर दावा नाकारतात. गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या घ्या, आणि डॉक्टरांची इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी पॉलिसीच्या कागदासोबत हातातल्या पिशवीत ठेवा, सामानाच्या बॅगेत नको.