अर्ध्या सेकंदाचा संशय

अर्धा सेकंद म्हणजे किती? पापणी लवायला लागतो त्याहून थोडा जास्त. तेवढा उशीर कोण मनावर घेतो? सॅन फ्रान्सिस्कोचे अभियंते अँड्रेस फ्रॉइंड यांनी तो घेतला. मार्च २०२४मध्ये ते पोस्टग्रेस या डेटाबेसच्या वेगाची चाचणी करत होते. संगणकात दुरून प्रवेश करताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्यांना खटकलं.

आजचं सॉफ्टवेअर कोणी एकटा लिहीत नाही. इतरांनी लिहिलेल्या तयार लायब्ररी त्यात वापरतात. त्यांची बांधलेली गाठोडी म्हणजे पॅकेजेस. एक आज्ञा दिली की पॅकेज मॅनेजर ती आणतो, त्यांना लागणारी इतरही आणतो आणि जुन्यांच्या जागी नवी बसवतो. १९९३मध्ये सुरू झालेल्या 'डेबियन'मध्ये नवी आवृत्ती सहसा आधी 'अनस्टेबल' विभागात येते. तिथे काही दिवस गंभीर दोष निघाला नाही, तर 'टेस्टिंग'मध्ये जाते. तिथून 'स्टेबल'पर्यंत पोचायला वर्ष-दोन वर्षंही लागतात. (अनस्टेबलचं लाडकं नाव 'सिड'. 'टॉय स्टोरी' चित्रपटातला खेळणी मोडणारा मुलगा तो हाच!)

फ्रॉइंड यांचा संगणक याच सिडवर चालत होता. माग काढता काढता ते 'एक्सझेड' या फायली आवळून लहान करणाऱ्या लायब्ररीपाशी पोचले. लासे कॉलिन हे गृहस्थ ती वर्षानुवर्षं फावल्या वेळात, बिनपगारी सांभाळत होते. २०२१मध्ये 'जिया टॅन' नावाचं कोणीतरी मदतीला आलं. २०२२मध्ये अनोळखी नावांनी तक्रारींचा भडिमार झाला: सुधारणा रखडल्यात, दुसरा माणूस नेमा! प्रकृती साथ देत नसलेल्या कॉलिन यांनी हळूहळू टॅनला अधिकार दिले. आणि फेब्रुवारी २०२४च्या आवृत्तीत टॅनने चोरदरवाजा बसवला. गुप्त किल्ली बाळगणाऱ्याला त्यातून दुसऱ्याच्या संगणकात बेधडक शिरता आलं असतं. तो दडवला होता कुठे, तर लायब्ररी तपासण्यासाठी ठेवलेल्या नमुना फायलींत! चोराने चौकीतच माल ठेवावा, तसा प्रकार.

२९ मार्चला फ्रॉइंड यांनी सगळं जाहीर केलं. चोरदरवाजा 'टेस्टिंग'पर्यंत आला होता, 'स्टेबल'मध्ये शिरला नव्हता. लाखो सर्व्हर थोडक्यात बचावले.

मग जुनी, निर्धोक आवृत्ती परत बसवायची, तर नवाच पेच. पॅकेज मॅनेजर आपणहून मोठ्या क्रमांकाकडेच जातो, मागे येत नाही. शेवटी डेबियनने जुन्याच पॅकेजला नवं नाव दिलं: '५.६.१+रिअली५.४.५'. म्हणजे म्हणायला ५.६.१, पण खरं तर ५.४.५.