आधी माणसं जोडा, मग डबे

साहित्य मंडळाच्या अंकात रेल्वेवर लेख कशाला, असं कुणीही विचारेल. माझं उत्तर सोपं आहे. आपण नाती जोडतो, माणसं जोडतो, हात जोडतो. ‘जोडणं’ हा आपला रोजचा शब्द. युरोपातल्या मालगाड्यांचं दुखणंही नेमकं याच शब्दापाशी अडलेलं आहे.

आधी घरचं उदाहरण घेऊ. आपल्या बेळगावातल्या जुन्या माणसांना मिरज स्टेशन विचारा. पुण्याकडून मिरजेपर्यंत ब्रॉडगेज आणि पुढे बेळगाव-लोंढ्याकडे मीटरगेज, म्हणून मिरजेला गाडी बदलायची. माणूस ट्रंक उचलून दुसऱ्या गाडीत बसायचा, पण सिमेंटचं पोतं काही आपल्या पायांनी चालत जात नाही. ते हमालांनी उतरवायचं आणि पुन्हा चढवायचं. तोवर ट्रक थेट दुकानाच्या दारात. १९९२ साली युनिगेज योजना सुरू झाली आणि नव्वदच्या दशकात आपला मार्ग ब्रॉडगेज झाला. माझ्या मते रेल्वे ट्रकपुढे मागे पडते ती वेगामुळे कमी आणि अशा सांध्यांमुळे जास्त.

युरोपात असे सांधे पावलोपावली आहेत. फ्रान्सचा रूळ १४३५ मिलिमीटर रुंदीचा, तर स्पेनचा जुना रूळ १६६८ मिलिमीटरचा. जर्मनीत तारेत १५,००० व्होल्टची वीज, बेल्जियममध्ये बहुतेक ठिकाणी ३,००० आणि शेजारच्या नेदरलँड्समध्ये १,५००. सिग्नलची पद्धत तर देशागणिक निराळी. ट्रकवाला मात्र न थांबता सरहद्द ओलांडतो. त्यामुळे युरोपीय संघात जमिनीवरून जाणाऱ्या मालापैकी सुमारे तीन चतुर्थांश माल रस्त्यानं जातो.

यातला सगळ्यात छोटा सांधा म्हणजे दोन वॅगनमधलं कपलिंग. तिथे अजून एकोणिसाव्या शतकातलं स्क्रू कपलिंग चालतं. आपल्या जुन्या आयसीएफ डब्यांनाही तेच होतं. कामगारानं दोन वॅगनच्या मधे वाकून शिरायचं, सुमारे २० किलोची लोखंडी कडी उचलून आकड्यात अडकवायची आणि स्क्रू फिरवून घट्ट करायची. मग हवेचा पाइप जोडायचा. पावसात, बर्फात, रात्रीसुद्धा! त्यानंतर ब्रेक तपासायला गाडीच्या कडेनं चालत जायचं. यात वेळ जातो आणि जिवाला धोकाही असतो.

मग बदलत का नाहीत? यंत्र नाही म्हणून नव्हे. अमेरिकेनं १८९३ मध्ये कायदा करून आपोआप जुळणारं कपलिंग सक्तीचं केलं. जपाननं १९२५ च्या जुलैमध्ये मालगाड्या थांबवून देशभरचे डबे झटक्यात बदलले. युरोपानंही १९६० आणि ७० च्या दशकांत प्रयत्न केला, पण तो फसला. कारण नवं कपलिंग जुन्याशी जुळत नाही. जो आधी बदलेल तो एकटा पडेल. शिवाय वॅगनचा मालक एक, गाडी चालवणारा दुसरा, रूळ तिसऱ्याचे. खर्च एकाच्या खिशातून, फायदा दुसऱ्याच्या. मग पुढे कोण येणार?

इथेच एकत्रित संशोधनाची गरज लागते. २०१४ मध्ये युरोपीय संघ आणि रेल्वे उद्योग यांनी मिळून ‘शिफ्ट टू रेल’ ही संस्था उभी केली. संघानं ४५ कोटी युरो द्यायचे, उद्योगानं निदान ४७ कोटींचा वाटा उचलायचा, असं ठरलं. २०२१ पासून तिची जागा ‘युरोप्स रेल’नं घेतली. या छत्राखाली २०२० पासून डिजिटल ऑटोमॅटिक कपलिंगचं काम चाललं आहे. हे कपलिंग डबे, हवा, वीज आणि माहितीची तार एकदमच जोडतं. वेगवेगळ्या कंपन्यांचे नमुने एकाच कसोटीवर तपासले गेले आणि २०२१ मध्ये सगळ्यांसाठी एकच रचना निवडली गेली. ज्यांचा नमुना मागे पडला त्यांनाही निकाल मान्य व्हावा, म्हणून कसोटी आधीच सर्वांनी मिळून ठरवावी लागते. समन्वयाचं खरं काम हेच आहे. अर्थात चार लाखांहून जास्त वॅगन बदलायच्या आहेत, आणि खर्चाची वाटणी हा वाद अजून मिटलेला नाही.

आपल्याकडे रेल्वे एकच असल्यानं मालगाड्यांच्या कपलिंगचा प्रश्न कधीच सुटला. पण ‘कवच’ पाहा. लखनौच्या आरडीएसओनं एकच तांत्रिक मसुदा ठरवला आणि यंत्रं वेगवेगळ्या कंपन्या बनवतात. एका कंपनीचं इंजिनातलं यंत्र दुसरीच्या रुळालगतच्या यंत्राशी बोललंच पाहिजे, ही अट. नाहीतर अपघात टाळणारं यंत्रच अर्ध्या वाटेवर मुकं व्हायचं.

संशोधन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे प्रयोगशाळेतला एकटा शास्त्रज्ञ येतो. मला वाटतं, रेल्वेच्या संशोधनात शास्त्रज्ञाइतकाच मोलाचा आहे तो भांडणारी दहा माणसं एका टेबलाशी बसवून त्यांच्याकडून एका कागदावर सही घेणारा माणूस. त्याचं नाव कुठे छापून येत नाही. पण ती सही झाली, तरच दोन वॅगनच्या मधे वाकलेला तो कामगार एक दिवस बाहेर येईल.